स्टेकवर ब्लू चीज कधी घालावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी पदार्थांच्या पानावर ग्रिल केलेल्या स्टेकवर ब्लू चीज घालण्याची कृती नुकतीच प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच आठवड्यात तिच्यावर एका वाचकाचे संतप्त पत्रही छापून आले. कृतीत असे सांगितले होते की मांसाला दोन्ही बाजूंनी सढळ हाताने मीठ चोळावे, जाळीवर एक बाजू भाजून ते उलटले की लगेच वर चीजचा जाड थर पसरावा आणि झाकण लावून चीज पूर्ण वितळेपर्यंत शिजू द्यावे. पत्रलेखकांचा आक्षेप निराळाच होता; बुरशी लागलेले चीज खाण्याची शिफारस वर्तमानपत्राने करावी, याचाच त्यांना धक्का बसला होता. मी मूळचा सावंतवाडीकडचा. आधी प्रवासी जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आणि नंतर शिकागोतील एका स्टेकहाउसच्या ग्रिलवर माझी नोकरी झाली, त्यामुळे या दोन्ही मजकुरांबद्दल चार शब्द लिहिणे मला भाग वाटते. कृती लिहिणाऱ्यांनी जोडी उत्तम निवडली आहे यात वाद नाही. वेळ मात्र चुकली आहे, आणि या पदार्थात वेळ चुकली की मांस, चीज आणि पैसे तिन्ही वाया जातात. ब्लू चीज घालायचे ते स्टेक आचेवरून उतरल्यानंतर, आणि तेही बेताने.

एक खुलासा आधीच करतो. स्टेक म्हटले की गोमांस आले, आणि महाराष्ट्रात 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या व 2015 च्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, हे मी जाणतो. त्या वादात पडण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. आपले वृत्तपत्र आता परदेशातील मराठी घरांतूनही रोज पडद्यावर वाचले जाते. शिवाय गोव्यातून आणि तळकोकणातून केटरिंगचे शिक्षण घेऊन क्रूझवर जाणाऱ्या मुलांना कधी ना कधी ग्रिलसमोर उभे राहावेच लागते. त्यांच्यापैकी कुणी ही कृती जपून ठेवली असेल, तर त्यांच्यापर्यंत हे पोहोचावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

स्टेक भाजणाऱ्याचा सगळा जीव अडकलेला असतो तो मांसाच्या बाहेरच्या तपकिरी कवचात. मांसातील अमायनो आम्ले आणि शर्करा यांच्यात उष्णतेमुळे जी अभिक्रिया होते, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी 1912 मध्ये केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोर धरते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत मात्र उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि तापमान 100 अंशांपाशी घुटमळत राहते. जाळीवर ठेवण्याआधी स्टेक कागदी रुमालाने टिपून कोरडा करतात तो याचसाठी. आता ब्लू चीजच्या वजनात सुमारे 40 टक्के पाणी असते आणि 30 टक्क्यांच्या जवळपास स्निग्धांश. उलटलेल्या स्टेकची नुकतीच भाजून निघालेली, कोरडी, कुरकुरीत बाजू वर आलेली असते, आणि नेमक्या तिच्यावर आपल्या कृतीने हा ओला थर पसरायला सांगितला आहे. चीज तापू लागले की त्यातले पाणी त्या कवचात उतरते, स्निग्धांश कडेने ओघळून निखाऱ्यांवर पडतो, भडका उडतो आणि काळा, कडवट धूर मांसाला बिलगतो. वरून झाकण लावलेले असल्यामुळे आत कोंडलेली वाफ उरलेले काम करते. इतक्या कष्टाने मिळवलेले कवच पाच मिनिटांत भिजून लिबलिबीत होते.

शिवाय चीज ‘पूर्ण वितळेपर्यंत’ थांबायचे म्हणजे किती थांबायचे? पिझ्झावरचे मोझरेला जसे एकसंध होऊन तार धरते, तसे ब्लू चीज धरत नाही. तीव्र आचेत त्याचा तेलकट भाग वेगळा होतो आणि मागे रवाळ, खारट चोथा उरतो. त्याची वाट पाहत बसेपर्यंत आतून गुलाबी राहायला हवे असलेले मांस करडे पडून चिवट झालेले असते.

सगळ्यात मोठे नुकसान वासाचे होते. ब्लू चीजचा जो उग्र, तिखटसर दरवळ आधी नाकात आणि मग टाळूवर जाणवतो, तो मुख्यतः मिथाइल कीटोन गटातील संयुगांमुळे येतो. चीजमधली बुरशी दुधाचा स्निग्धांश फोडते, त्यातून मेदाम्ले सुटतात आणि त्यांच्यापासून ही संयुगे तयार होतात. ती चटकन उडून जाणारी असतात. निखाऱ्यांवर दहा मिनिटे चीज तापवले की त्याचा सुगंध स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना मिळतो आणि ज्याने पैसे मोजले त्याच्या ताटात नुसता खारटपणा जातो. काही जणांना ब्लू चीज ‘नुसते खारट’ लागते, त्यामागे बहुधा असे जळून गेलेले चीज असते, असे माझे मत झाले आहे.

मग ते घालावे कसे? स्टेक हवा त्यापेक्षा तीन-चार अंश आधीच आचेवरून काढावा आणि कोमट फळीवर किंवा जाळीदार ताटलीवर पाच-सात मिनिटे विसावू द्यावा. बाहेरची उष्णता या वेळात आत सरकते, आतले तापमान आपोआप थोडे चढते आणि सुरी लावल्यावर रस भळाभळा वाहून जात नाही. या विसाव्याची शेवटची दोन मिनिटे ही चीजची वेळ. फ्रिजमधून नुकतेच काढलेले थंड चीज बोटांनीच कुस्करून, साधारण हरभऱ्याएवढे तुकडे मधोमध विखरावेत. कडेला घातले तर ते घरंगळून ताटलीत पडतात. मग हात मागे घेऊन नुसते पाहावे. तुकड्यांचे कोपरे आधी गोल होतात, मग पांढऱ्या भागावर तुकतुकी येते, खाली टेकलेला भाग मऊ होऊन कवचाला चिकटतो, आणि निळे-हिरवे ठिपके मात्र जसेच्या तसे दिसत राहतात. त्याच क्षणी ताट बाहेर जायला हवे. ठिपके विरघळल्यासारखे राखाडी दिसू लागले म्हणजे उशीर झाला. वाफाळत्या वरणभातावर आपण तूप ताटात वाढल्यावर सोडतो, पातेल्यात उकळत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

प्रमाणाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण कृतीत ‘जाड थर’ असे म्हटले आहे आणि त्याच्या आधी ‘सढळ हाताने मीठ’. साध्या ब्लू चीजमध्ये 100 ग्रॅमला जवळजवळ 3 ग्रॅम मीठ असते; रोकफोर हे फ्रेंच ब्लू चीज त्याहून खारट, 4 ग्रॅमच्या वर जाणारे. जाड थर म्हणजे 60-70 ग्रॅम धरले, तर नुसत्या चीजमधूनच दोन ते तीन ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी आहे. चवीच्या दृष्टीनेही एवढ्या चीजखाली मांस हरवते. 250 ग्रॅमच्या स्टेकला 20 ते 25 ग्रॅम चीज भरपूर झाले. मांसाला मीठ लावू नये असे मी म्हणणार नाही, मिठाशिवाय कवचाला चव नाही. पण चीज घालायचेच आहे हे ठाऊक असेल, तर नेहमीच्या निम्मेच मीठ लावावे, आणि ते एकतर भाजण्याच्या पाऊण तास आधी किंवा जाळीवर ठेवण्याच्या अगदी आयत्या वेळी. मधल्या दहा-वीस मिनिटांत मिठाने ओढलेले पाणी पृष्ठभागावर साचून राहते आणि पुन्हा तीच वाफेची कटकट मागे लागते.

घरी चार पाहुणे असतील आणि प्रत्येक स्टेकची मिनिटे मोजणे शक्य नसेल, तर चीज लोण्यात मिसळून ठेवण्याची फ्रेंच युक्ती मला अधिक भरवशाची वाटते. 100 ग्रॅम बिनमिठाचे मऊ लोणी, 50 ग्रॅम ब्लू चीज, थोडी मिरपूड आणि बारीक चिरलेली कांद्याची कोवळी पात एकत्र फेटावी, बटर पेपरमध्ये गुंडाळून तिची वळकटी करावी आणि घट्ट होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावी. वाढताना बोटभर जाडीची एक चकती गरम स्टेकवर ठेवली की काम झाले. लोण्यामुळे चीजचा खारटपणा पसरून सौम्य होतो आणि मांसाच्या रसात मिसळून तयार सॉस मिळतो. जहाजावर एकाच वेळी शेकड्यांनी ताटे लावायची असतात तेव्हा हाच मार्ग सोयीचा पडतो.

आचेखाली चीज कधीच घालू नये, असा मात्र माझा हट्ट नाही. अमेरिकेतील अनेक स्टेकहाउसमध्ये ब्लू चीज, लोणी आणि ब्रेडचा चुरा कालवून त्याचा पातळ लेप तयार स्टेकवर देतात आणि वरून धग देणाऱ्या ब्रॉयलरखाली तो मिनिटभर धरतात. ब्रेडचा चुरा सुटणारे तेल शोषून घेतो, लेप वरच्यावर खरपूस होतो आणि मांस फारसे पुढे शिजत नाही. हा प्रकार झकास लागतो. पण त्यातही मांस आधी पूर्ण भाजून, विसावून झालेले असते आणि उष्णता वरून येते. खालच्या निखाऱ्यांवर झाकण घालून तो साधत नाही.

कोणत्या स्टेकवर चीज घालावे, याचा उल्लेख आपल्या कृतीत नाही, आणि तो असायला हवा होता. फिले मिन्यॉन हा पाठीच्या आतल्या स्नायूचा तुकडा अतिशय मऊ असतो, पण त्यात चरबी कमी आणि चवही सौम्य. ब्लू चीज खऱ्या अर्थाने शोभते ते त्याला. रिबआय हा बरगड्यांकडचा तुकडा स्वतःच चरबीने भरलेला असतो. गिऱ्हाइकाने मागितले तर आम्ही त्याच्यावर चीज घालत असू, मनापासून नाही. आणि शीतखोलीत कित्येक आठवडे उघडा टांगून मुरवलेला, ज्याला ड्राय एज्ड म्हणतात तो स्टेक असेल, तर त्याच्यावर ब्लू चीज घालणे हा शुद्ध अपव्यय आहे. मुरताना मांसातील विकरे प्रथिने आणि स्निग्धांश हळूहळू फोडत असतात, आणि महिन्याभराने त्या मांसालाच चीजची आठवण करून देणारा एक गंध येऊ लागतो. ज्या वासासाठी दुप्पट पैसे मोजले, तोच वास वरून बाहेरून आणून झाकायचा, हे मला कधीच कळलेले नाही.

ही जोडी मुळात का जमते, याचे उत्तर याच प्रथिने फोडण्यात आहे. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिले. पुढे जपानी संशोधकांनीच दाखवून दिले की मांस-मासळीतील इनोसिनेट आणि हे ग्लुटामेट एकत्र आले की त्यांची चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक भासते. मुरलेल्या चीजमध्ये सुटे ग्लुटामेट भरपूर, गोमांसात इनोसिनेट. म्हणून चिमूटभर चीजनेही मांस अधिक ‘मांसल’ लागते, आणि म्हणूनच जाड थराची गरज पडत नाही.

आता बुरशीच्या आक्षेपाकडे वळतो. पत्रलेखकांची शंका प्रामाणिक आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण या चीजला बुरशी ‘लागलेली’ नसते, ती लावलेली असते. पेनिसिलियम रोकफोर्टी या बुरशीचे बीजाणू विरजणासोबत दुधात किंवा नंतर दह्याच्या गोळ्यांत मिसळले जातात. या बुरशीला वाढायला हवा लागते आणि चीजच्या गाभ्यात ती नसते; म्हणून चीजच्या चाकाला लांब सुयांनी आरपार भोके पाडतात. इंग्लंडमधील स्टिल्टनला साधारण सहा आठवड्यांनी अशा पोलादी सुया टोचल्या जातात. हवा त्या भोकांतून आत जाते, बुरशी त्या वाटेने पसरते आणि कापल्यावर ज्या निळ्या शिरा दिसतात त्या तयार होतात. नीट पाहिले तर त्यांतल्या काही शिरा सुईसारख्या सरळ असतात, त्या याच टोचणीच्या खुणा.

दक्षिण फ्रान्समधील आवेरों जिल्ह्यात रोकफोर-सुर-सुलझों नावाचे छोटे गाव आहे. तेथील कोंबालू डोंगराचा कडा फार पूर्वी कोसळला, आणि त्या ढिगाऱ्याच्या पोटात गुहा व भेगा राहिल्या. या भेगांतून बारमाही थंड, दमट हवा खेळते. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचे चीज या गुहांत मुरवतात, आणि रोकफोर म्हणून विकण्याआधी ते एकूण किमान 90 दिवस मुरलेले असावे लागते. 1411 मध्ये राजा सहावा शार्ल याने या गावाला चीज मुरवण्याचा खास हक्क दिला आणि 1925 मध्ये फ्रान्सने कायद्याने त्याच्या नावाला संरक्षण दिले. मूळस्थानाचा असा हक्क मिळालेले ते पहिले फ्रेंच चीज. ज्या पदार्थाच्या मुरण्यावर इतकी नजर असते, त्याला सडका म्हणणे अन्यायाचे होईल.

याचा अर्थ कोणतीही बुरशी चालते असा नाही. घरी आणलेल्या चीजवर गुलाबी किंवा काळी लव दिसली, किंवा उघडताच अमोनियाची सणक डोळ्यांत गेली, तर ते सरळ फेकून द्यावे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेले अनेक जण ब्लू चीजला घाबरतात. ते औषध याच कुळातील, पण वेगळ्या जातीच्या बुरशीपासून मिळते. तरी ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे. गरोदर स्त्रिया, फार वृद्ध माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांनी मात्र असे न शिजवलेले मऊ ब्लू चीज टाळावे, कारण लिस्टेरिया हा जिवाणू थंडाव्यातही वाढतो. नैराश्यावरील जुन्या औषधांपैकी मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांना मुरलेल्या चीजमधील टायरामिनमुळे रक्तदाब एकदम चढण्याचा धोका असतो. हे इशारे आपल्या पानावर एका ओळीत तरी यायला हवे होते.

कृतीच्या प्रास्ताविकात गोमांस आणि रोकफोर यांचे ‘शतकांचे सख्य’ असल्याचा उल्लेख आहे. ताटातले सख्य मान्य. बाजारात मात्र या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे केले गेले होते, आणि तो इतिहास वाचकांना ठाऊक असावा. संप्रेरके देऊन वाढवलेल्या जनावरांच्या मांसाची आयात युरोपने 1989 पासून बंद केली. अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, निकाल तिच्या बाजूने लागला, तरी युरोपने बंदी उठवली नाही. तेव्हा 1999 मध्ये अमेरिकेने बदला म्हणून काही निवडक युरोपीय मालावर 100 टक्के आयात शुल्क लादले. त्या यादीत रोकफोर होते. आपले गोमांस घेत नाही म्हणून त्यांच्या चीजला शिक्षा, असा तो न्याय. त्याच वर्षी 12 ऑगस्टला रोकफोरसाठी दूध पुरवणारा लार्झाक पठारावरचा मेंढपाळ-शेतकरी जोझे बोवे आणि त्याचे साथीदार यांनी जवळच्या मियो गावात उभ्या राहत असलेल्या मॅकडोनाल्डच्या इमारतीची मोडतोड केली. बोवेला तुरुंग भोगावा लागला आणि तो रातोरात फ्रान्सभर प्रसिद्ध झाला. जानेवारी 2009 मध्ये, बुश सरकारच्या अखेरच्या दिवसांत, हे शुल्क 300 टक्के करण्याची घोषणा झाली. मे महिन्यात तडजोड होऊन ती वाढ टळली, आणि बदल्यात संप्रेरकमुक्त अमेरिकी गोमांसाला युरोपचे दार काहीसे उघडले.

याचा परिणाम आमच्यासारख्यांच्या ग्रिलवर झाला नसता तरच नवल. 100 टक्के शुल्क भरून आलेले रोकफोर स्टेकवर कुस्करून टाकणे कोणत्याच मालकाला परवडणारे नव्हते, आणि अमेरिकी स्टेकहाउसमध्ये आधीपासूनच वापरात असलेली देशी ब्लू चीज अधिकच पक्की बसली. त्यांतले सर्वांत नावाजलेले मेटॅग. आयोवा राज्यातील न्यूटन गावी, कपडे धुण्याची यंत्रे बनवणाऱ्या मेटॅग कुटुंबाने आपल्या दुग्धशाळेत 1941 पासून ते बनवायला घेतले, आणि त्याची पद्धत आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी गायीच्या दुधासाठी बसवली होती. रोकफोरपेक्षा ते भुसभुशीत असते आणि त्याला किंचित लिंबासारखी आंबट धार असते. स्टेकवर कुस्करून घालण्यासाठी मला तरी तेच अधिक सोयीचे वाटते. इटलीचा गॉर्गनझोला दोन तऱ्हांचा मिळतो: डोल्चे हा मऊ, गोडसर, तो सॉससाठी घ्यावा, पिकान्ते हा घट्ट आणि झणझणीत, तो तुकडे करून घालण्यासाठी. डॅनिश ब्लू स्वस्त, पण फार खारट, म्हणून तो लोण्यात मिसळण्यापुरता ठीक. स्टिल्टनला मी स्टेकपेक्षा जेवणानंतर नुसताच, एखाद्या पेअरच्या फोडीबरोबर खाणे पसंत करतो; हा सर्वस्वी माझा लहरीपणा समजावा.

शेवटी एक दुरुस्ती, जी खरे तर सर्वांत तातडीची आहे. छापलेल्या कृतीत स्टेकचे आतले तापमान ‘145 अंश सेल्सिअस’ व्हावे असे म्हटले आहे. मांसात पाणी असेपर्यंत त्याचा गाभा 100 अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. 145 ची वाट पाहणाऱ्याच्या हाती कोळसा लागेल. अमेरिकी कृषी खात्याने गोमांसाच्या अखंड तुकड्यासाठी सुचवलेले तापमान 145 अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे 63 अंश सेल्सिअस आहे, आणि त्यानंतर निदान तीन मिनिटांचा विसावा. खिमा असेल तर तेच 71 अंश सेल्सिअस. उपाहारगृहांत मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी राहिलेला, म्हणून जो स्टेक देतात तो 55 अंशांच्या आसपास असतो. तो या शिफारशीच्या खालीच येतो, आणि म्हणून अमेरिकेत खाद्यपत्रिकेच्या तळाशी अर्धकच्च्या मांसाबद्दलची सूचना छापलेली असते. घरी तापमापीची सळई घेऊन भाजणाऱ्या नवशिक्याने फॅरेनहाइट आणि सेल्सिअस यांची गल्लत केली, तर एक किलो महागडे मांस आणि त्यावरचे त्याहून महागडे चीज थेट कचऱ्यात जाईल. तरी पुढच्या रविवारी त्याच पानावर ‘63 अंश सेल्सिअस’ हा आकडा ठळक अक्षरांत छापावा आणि चीज स्टेक उतरवल्यावर घालावे, अशी दुरुस्ती त्याखाली द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, शिकागो